अकरा नंबरचे कान

फोन आला तेव्हा तो ऑफिसात फळ्यासमोर उभा होता. मंगळवार, दुपारचे दोन वाजून गेले होते. फोन बायकोच्या केंद्रातून होता, तिथल्या मावशींचा. मावशी फोनवर नेहमी ओरडून बोलायच्या. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलून त्यांना सवयच लागली होती. त्या दिवशी त्या हळू बोलल्या.

"दादा, ताई तपासणीच्या खोलीत बसल्या जागी पडल्या. समोरचे डॉक्टर धावत आले होते... दादा, ताई गेल्या."

तो "हो" म्हणाला. फोन ठेवला. मग फळ्यावर स्वतःच लिहिलेलं अर्धं वाक्य त्याने पुसून टाकलं. ते का पुसलं, हे त्याला अजून सांगता येत नाही.

भेटायला येणारे लोक बसतात, पाणी पितात, आणि काय बोलावं ते न सुचून विचारतात, "तुमची दोघांची ओळख कशी झाली हो?"

"आईच्या कानांमुळे," तो सांगतो.

लोक हसतात, आणि मग हसल्याबद्दल ओशाळतात. तो म्हणतो, हसा. हसण्यासारखीच गोष्ट आहे ती.

*

त्याच्या आईला कमी ऐकू येऊ लागलं होतं. आई टीव्ही लावायची तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा टीव्ही लावावा लागत नसे. शेवटी एका सकाळी तो तिला कान तपासायला घेऊन निघाला. जिथे जायचं होतं तिथलं मशीन बंद होतं. दारावर कागद चिकटवला होता, त्यावर दुसऱ्या केंद्राचा पत्ता. तो कागद नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

केंद्र म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मावशी आणि चार खुर्च्या. मागच्या खोलीत लाकडाची एक बंद पेटी, माणूस बसेल एवढी, आतून स्पंज लावलेली, दार जाडजूड, आणि एका बाजूला काच. काचेच्या अलीकडे ती बसली होती. केस वर बांधलेले, त्यात एक पेन्सिल खोचलेली, दुसरी पेन्सिल हातात, आणि तिसरी ती शोधत होती.

आई पेटीत बसली. कानांवर हेडफोन. आवाज आला की हात वर करायचा.

आई सारखी हात वर करत होती.

"काकू," ती माइकमधून म्हणाली, "आवाज आला तरच हात. मी तुमच्याकडे बघितलं म्हणून नाही."

"तू इतकं गोड बघतेस, हात आपोआप वर जातो ग," पेटीतून आई म्हणाली.

ती हसली. तो मागे स्टुलावर बसला होता, त्याने ते हसणं काचेत पाहिलं. मग त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. अगदी बारीक आवाज सोडायची वेळ आली की ती स्वतःचा श्वास धरायची. समोरच्याला ऐकू येईपर्यंत धरून ठेवायची, हात वर झाला की सोडायची. आईचा हात वर जायला एकदा फार वेळ लागला, तेव्हा त्याचाही श्वास अडकून राहिला होता, हे त्याला नंतर कळलं.

आई कानात घालायच्या यंत्राचे नमुने बघत पुढच्या खोलीत मावशींशी गप्पा मारायला बसली, तेव्हा इकडे काचेजवळच्या कॉम्प्युटरवर एक ओळ उमटली. ती ओळ वाचून तिने पेन्सिल टेबलावर आपटली.

"काय झालं?"

"काही नाही. या आठवड्यातही शेवटून पहिली आले."

"कशात?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. सांगावं की नाही असा विचार केला... आणि सांगितलं. "आमच्यासारख्या चौदा केंद्रांचा एक गट आहे. सगळ्यांनी मिळून कॉम्प्युटरला शिकवायचं की, तपासणी झाली की त्या माणसाच्या कानाला यंत्र पहिल्यांदा कसं लावावं. पण पेशंटची माहिती कोणी कोणाला द्यायची नाही. तो इथे बसून शिकतो, आणि काय शिकला तेवढाच धडा बाहेर पाठवतो. वर त्या धड्यात थोडा गोंगाट मिसळतात, म्हणजे कोणी माग काढत माझ्या पेशंटपर्यंत येऊ नये. गंमत बघा, मी दिवसभर गोंगाट बाजूला काढत बसते, आणि तिकडचे शहाणे तो मुद्दाम घालतात."

"शहाणे बरे असतील," तो म्हणाला.

"आहेत ना. एक सोडून."

"कोण?"

"ज्याने गुण द्यायचा नियम केलाय तो."

त्याला ठसका लागला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"ज्याचा धडा बाकीच्यांशी जुळतो त्याला गुण जास्त, आणि गुणांप्रमाणे पैसे," ती पुढे म्हणाली. "कारण काय, तर कोणी खोटे धडे पाठवून फुकटचं खाऊ नये. ठीक आहे. पण बाकीच्यांकडे येतात ती वयामुळे कमी ऐकू येणारी माणसं. माझ्याकडे येतात पत्रा ठोकणारे. तिशीतच त्यांच्या कानांचा आलेख असा मध्येच खड्ड्यात जातो." तिने बोटाने हवेत खड्डा काढून दाखवला. "मी वेगळं शिकवते, म्हणून मी शेवटची. अजून आठ आठवडे असंच राहिलं तर गटातून बाहेर. मी जाईन हो, माझं काय... पण मग त्या कॉम्प्युटरला पत्रेवाल्यांचे कान कधी कळायचेच नाहीत."

बोलण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं, आणि ते बोलायची त्याला परवानगी नव्हती. त्याच्या ऑफिसात केंद्रांची नावं कोणालाच माहीत नसत, फक्त नंबर. त्याच्या तक्त्यात तळाला लाल रंगात एक नंबर असायचा. अकरा. अकरा नंबरच्या केसांत पेन्सिल असेल, हे त्याने हिशेबात कधी धरलं नव्हतं.

*

आईला यंत्र मिळालं. ते जुळवून घ्यायला आठवड्याने बोलावलं होतं. तो तिसऱ्याच दिवशी घेऊन निघाला.

"अरे, मला नीट ऐकू येतंय," आई म्हणाली.

"थोडं कमीजास्त करून घेऊ."

"कमीजास्त माझ्या कानात झालंय की तुझ्या डोक्यात?"

त्या दिवशी केंद्रावर तो तिला खरं सांगणार होता. सांगितलं नाही. पुढच्या वेळी सांगितलं. आई पुढच्या खोलीत मावशींना यंत्र दाखवत होती, आणि ती मागे एका यंत्राची बारीक नळी फुंकरीने साफ करत होती.

"तो शहाणा मी आहे."

"कुठला?"

"एक सोडून म्हणालात ना... तो सोडलेला."

तिची फुंकर तिथेच थांबली. "म्हणजे दोन आठवडे तुम्ही माझ्यासमोर बसून तुमच्याच तक्रारी ऐकत होतात?"

"मला तुम्ही कोण ते कळायलाच नको होतं. तसा नियम आहे."

"अजून एक नियम!"

त्यानंतर तिने त्याची जी कानउघाडणी केली, ती तिच्या धंद्याला शोभेल अशी होती. मावशी दारापर्यंत येऊन, ऐकून, परत गेल्या. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "एक करता येईल. फार वेगळे असतील तेवढे पेशंट शिकवण्यातून बाजूला ठेवा. चारच आठवडे. गुण वर येतील."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नियमवाले," ती म्हणाली, "तुम्ही पत्र्याच्या कारखान्यात कधी उभे राहिलात?"

तो कधी उभा राहिला नव्हता. ती दर गुरुवारी तिथे कान तपासायला जायची. त्या गुरुवारी तिने त्याला बरोबर नेलं. दाराशी तिने खिशातून मऊ बोळे काढले, चिमटीत वळले, आणि "हलू नका" म्हणून त्याच्या कानांत बसवले. तिची बोटं गार होती. बोळा फुगून कान बंद होईपर्यंत तो धरून ठेवावा लागतो, म्हणून ती तशीच उभी राहिली, दोन्ही कानांवर दोन बोटं, अगदी समोर. अर्धं मिनिट लागतं त्याला. ते अर्धं मिनिट त्याला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

आत आवाज असा होता की तो कानांनी नाही, दातांनी ऐकू येत होता. माणसं एकमेकांशी भुवयांनी बोलत होती. एक जण पत्रा धरायचा, दुसरा ठोकायचा. ती सगळ्यांना ओळखत होती, आणि सगळे तिला हात करत होते. मध्येच ती त्याच्याकडे वळून काहीतरी बोलली. त्याला फक्त ओठ दिसले.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "आत काय म्हणालात?"

"काही नाही."

"सांगा ना."

"म्हटलं... माणूस बरा दिसतो, पण नियम भिकार करतो."

बाहेर सगळं इतकं शांत होतं की त्याला आपल्याच चपलांचा आवाज येत होता, आणि तिच्याही. दोन्ही आवाज बराच वेळ बरोबर चालत राहिले.

*

नियम भिकार होता हे त्याला पटलं होतं. चांगला कसा करायचा, ते सुचत नव्हतं. न बघता माणसाची किंमत कशी करायची? तिची माहिती त्याला मागता येत नव्हती. मागितली असती तरी तिने दिली नसती.

शनिवारी तो आईला न घेताच केंद्रावर गेला. दाराला कुलूप होतं. किल्लीवाला म्हणाला, "ताई बहिणीकडे गेल्यात. सोमवारी या. कान दुखतोय का?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे... हो, थोडा."

घरी आला. जेवण बेचव लागलं. आवडीचं पुस्तक दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. आईने काही विचारलं तर खेकसला. आई यंत्र नीट करत म्हणाली, "एक दिवस दार बंद होतं तर एवढं बिघडलं तुझं?"

तो आईकडे बघतच राहिला.

एवढंच करायचं होतं. बाकीच्यांशी कोण किती जुळतं, हे बघायचंच नाही. एकेकाला वगळून बघायचं. हा नसता, तर बाकी सगळ्यांचं किती बिघडलं असतं? आणि कोणाचं बिघडलं असतं? जेवढं बिघडेल, तेवढी त्याची किंमत. त्यासाठी कोणाच्या घरात डोकवावं लागत नाही. फक्त तो नसताना काय होतं, ते बघावं लागतं.

सोमवारी त्याने विभागाच्या मॅडमना सगळं सांगितलं. अकरा नंबर कोण ते कळलंय, हेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

"कसं कळलं?"

"आईचे कान तपासताना."

"आणि आता नियम बदलायचाय?"

"सगळ्यांसाठी."

"तुझे कान लाल झालेत," मॅडम म्हणाल्या. "नियम तू लिही. गणित दुसरा कोणीतरी करेल, आणि निकाल लागेपर्यंत तू त्या तक्त्याला हात लावायचा नाहीस. तिथेही जायचं नाहीस."

निकालाला तीन आठवडे लागले. तो गेला नाही. आईला एकटीला पाठवत होता आणि ती परत आली की विचारत होता, "काय म्हणाली?" आई सांगायची, "माझ्या कानांबद्दल की तुझ्याबद्दल?" आणि पुढे काही सांगायचीच नाही.

निकाल लागला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. चार नंबरचं केंद्र, जे वर्षभर पहिलं यायचं, ते वगळलं तर कोणाचं काहीच बिघडत नव्हतं. ते लोक दर आठवड्याला गटाचाच धडा घ्यायचे, त्याला किंचित मीठ लावायचे आणि आपला म्हणून परत पाठवायचे. जुन्या नियमात सगळ्यांशी जुळायचे तेच. आणि अकरा नंबर वगळला, की जिथे जिथे गोंगाटात काम करणारी माणसं यायची त्या प्रत्येक केंद्रात यंत्रं चुकीची लागत होती. तिच्या नकळत तिचे पत्रेवाले पाच केंद्रांना शिकवत होते.

अकरा नंबर तिसरा आला. तिला गटातून कोणी काढणार नव्हतं.

दुपारी फोन वाजला.

"नियमवाले?"

"बोला."

"आज आईंना घेऊन या."

"आईचं यंत्र अगदी ठीक आहे."

पलीकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग, "तर मग... आईंना नका आणू."

*

तो पोचला तेव्हा मावशी घाईघाईने भाजी आणायला निघाल्या होत्या. त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

"बसा पेटीत," ती म्हणाली. "इतके दिवस येताय, तुमचे कान कधी तपासलेच नाहीत."

तो आत बसला. दार लागलं. पेटीत इतकी शांतता असते की आपलंच रक्त वाहताना ऐकू येतं. काचेपलीकडे ती बसली, माइक जवळ ओढला, तोंडापुढे कागद धरला. या तपासणीत पेशंटला ओठ दिसू द्यायचे नसतात.

"मी एकेक शब्द म्हणेन. तो तसाच परत म्हणायचा. आवाज हळूहळू कमी होत जाईल."

"बरं."

"हे म्हणायचं नाही. शब्द सुरू झाले की म्हणायचं."

"बरं."

कागदामागे ती हसली, ते त्याला खांद्यांवरून कळलं.

"घर."

"घर."

"पाणी."

"पाणी."

"दार... रस्ता... आई." ती म्हणत गेली, तो म्हणत गेला. आवाज लहान होत होता, पावसाचे शेवटचे थेंब असावेत तसा. मग ती जरा थांबली.

"लग्न."

"लग्न," तो म्हणाला.

"करशील."

"करशील," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने मान वर केली. कागद हलत नव्हता.

"माझ्याशी." हा शब्द इतका हळू होता की हेडफोनमध्ये फक्त श्वासाची कड लागली. पण त्याने ऐकला.

तो परत म्हणाला नाही. "हे यादीत आहे?" त्याने विचारलं.

"यादी माझी आहे."

"शब्द तसाच परत म्हणायचा, की उत्तर द्यायचं?"

कागद खाली आला. तिने श्वास धरला होता... बारीक आवाज सोडल्यावर धरायची तसाच, हात वर होईपर्यंत.

त्याने हात वर केला.

*

नऊ वर्षं संसार झाला. ती घरी बोलताना त्याच्या उजव्या बाजूला बसायची, कारण त्या दिवशी खरंच तपासणी केली तेव्हा त्याचा डावा कान थोडा कमी निघाला होता. "नियमवाले"चं "ए नियम्या" झालं. आई दोघांच्या भांडणात नेहमी सुनेची बाजू घ्यायची, आणि मुलाने काही म्हटलं की यंत्र काढून ठेवायची. नऊ वर्षांत तिने त्याला एकाही पेशंटचा आलेख दाखवला नाही, आणि त्याने मागितला नाही. अकरा नंबर कधी तिसरा आला, कधी पाचवा. ते दोघं घरी त्यावर बोलत नसत. बोलायला बाकी पुष्कळ होतं.

ती गेल्यावर केंद्र बंद झालं. मग गटाकडून पत्र आलं. केंद्र बंद झालं की त्याने शिकवलेलं सगळं नव्वद दिवसांत पुसायचं, असा नियम आहे. ठेवायचं असेल तर एकेका पेशंटला नव्याने विचारायचं. जो हो म्हणेल त्याचं राहील, बाकीच्यांचं जाईल. हा नियम त्याने लिहिलेला नाही. पण नियम चांगला आहे. ती असती तर तिने त्यावर सही केली असती.

या पेशंटना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून तो जातो. मावशी रोज सकाळी यादीतली पाच-सहा नावं आणि पत्ते देतात. त्याहून जास्त देत नाहीत, आलेख तर नाहीच. तो समोर बसतो, तोंड उजेडात ठेवतो, आणि सावकाश बोलतो.

पहिल्याच दिवशी एका पत्रेवाल्याने विचारलं, "आम्हाला काय मिळणार यातून?"

कोणाला किती द्यावं, याचेच नियम लिहीत त्याची सगळी नोकरी झाली होती. त्या माणसाला सांगण्यासारखा एकही नियम त्याच्याकडे नव्हता.

"तुम्हाला काही नाही," तो म्हणाला. "कामाला नवीन लागलेल्या एखाद्याला पुढे यंत्र लागेल, तर पहिल्याच दिवशी नीट लागेल. एवढंच."

"ताईंनी माझं चार वेळा बदलून दिलं होतं," तो माणूस म्हणाला. "चौथ्या वेळी मला माझी मुलगी ऐकू आली." आणि त्याने सही केली.

सगळेच करत नाहीत. एका बाईने दारातूनच नको म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "ताई काय म्हणाल्या असत्या?"

"तुम्हालाच विचार म्हणाली असती."

म्हातारा विचार करतो म्हणाला. त्याच्याकडे परत जायचं आहे.

यादीत चारशे बारा नावं आहेत. दोनशे सदुसष्ट जणांना विचारून झालं. सव्वीस दिवस उरलेत, आणि एकशे पंचेचाळीस जणांना विचारायचं राहिलं आहे.